गेल्या आठवड्यातली अडचण

‘अडचण’ हा शब्द मी सुचवला होता. हे आधीच सांगून टाकतो. कारण नंतर या कामाबद्दल जेव्हा जेव्हा बोलणं झालं, तेव्हा सगळे ‘आपण ठरवलं’ असंच म्हणत राहिले, आणि मीही काही दिवस त्या ‘आपण’च्या आड उभा राहिलो.

मी फिजिओथेरपिस्ट. राहायला निगडीला, नोकरी पिंपरी-चिंचवडमधल्या एका मोठ्या रुग्णालयात. अर्धं आयुष्य लोकांचे गुडघे वाकवण्यात आणि सरळ करण्यात गेलं. पेशंट मला डॉक्टर म्हणतात आणि मी आता त्यांना दुरुस्त करत नाही. मराठी चांगलं, असा माझा तिथे लौकिक आहे. ‘येथे चपला काढाव्यात’पासून सगळ्या पाट्या माझ्याकडूनच लिहून घेतल्या जातात. त्यामुळे गुडघ्याच्या दुखापतीची एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणायचं ठरलं तेव्हा आमच्या हाडांच्या मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. काम खरं त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या एका मुलीच्या प्रबंधाचं होतं. पण शब्द बघायला मी.

ही प्रश्नावली रुग्णानं स्वतः भरायची असते. गुडघा किती दुखतो, किती आखडतो, जिना उतरताना, खुर्चीतून उठताना काय होतं. प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकटी, ‘अजिबात नाही’पासून ‘अतिशय’पर्यंत. उत्तरांना गुण असतात. शंभरपैकी शंभर म्हणजे गुडघा ठणठणीत. ती दुसऱ्या भाषेत आणायची तर नुसतं भाषांतर पुरत नाही. दोघांनी वेगवेगळं मराठी करायचं, दोन्हींतून एक तयार करायचं, मग मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडून ते परत इंग्रजीत करून घ्यायचं आणि मुळाशी ताडून बघायचं. मग थोड्या रुग्णांना देऊन त्यांना कळतंय का ते पाहायचं. शेवटी तोच रुग्ण आठवड्यानं तेच प्रश्न पुन्हा सोडवतो. मधे गुडघ्यात काही फरक पडलेला नसेल तर दोन्ही वेळची उत्तरं जुळली पाहिजेत. जुळली की प्रश्नावली भरवशाची.

दुपारचा चहा घेत आम्ही शब्द पाखडायचो. ‘ताठरता’ काढून मी ‘आखडणं’ घातलं. बागकामाचा प्रश्न होता, तो काढून मांडी घालून बसणं आलं. भाषांतरकारानं एके ठिकाणी ‘काठिण्य’ लिहिलं होतं: ‘जिना उतरताना आपणांस किती काठिण्य जाणवते?’

“सर, काठिण्य म्हटलं की मला भूगोलातले खडक आठवतात,” ती मुलगी म्हणाली.

“अडचण लिही,” मी म्हणालो. “साधा शब्द आहे. कुणालाही कळेल.”

प्रश्नावलीतला निम्मा भाग याच एका शब्दावर उभा होता. वर एकदा लिहायचं, ‘गेल्या आठवड्यात गुडघ्यामुळे तुम्हाला खालील गोष्टी करताना किती अडचण आली?’ आणि खाली कामांची ओळ. उलटं भाषांतर आलं तेव्हा इंग्रजीत मूळ शब्द जसाच्या तसा परत आला होता. मोठे डॉक्टर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “बघ, म्हणून तुला घेतलं.” मला बरं वाटलं. घरी जाऊन मी हे सांगितलंसुद्धा.

मग रुग्णांना द्यायला सुरुवात झाली. आमच्याकडे गुडघ्याला मार लागून येणारे बहुतेक पुरुष. चाकणच्या कंपन्यांतली कॉन्ट्रॅक्टवरची पोरं, बाइकवरून पडलेली, रविवारच्या क्रिकेटमध्ये पाय मुरगळलेली. एका प्रश्नात आम्ही विचारलं होतं, ‘गुडघ्यामुळे तुम्हाला जीवनशैली बदलावी लागली का?’ लातूरकडचा एक जण ते वाचून म्हणाला, “नाही राव, आपण घेतच नाही कधी.” शेजारी बसलेला त्याचा रूमपार्टनर लगेच म्हणाला, “डॉक्टर, शनिवारी घेतो म्हणून लिवा. खोटं बोलायलाय ते.” आमच्याच भिंतीवर ‘जीवनशैली सुधारा’ असं पोस्टर होतं आणि त्यावर फुली मारलेली बाटली. आम्ही पोट धरून हसलो आणि जीवनशैली काढून टाकली. एक चूक सापडली, ती सुधारली, म्हणजे आपण नीट तपासतोय असं वाटायला लागलं.

या रुग्णांत बायका अगदी थोड्या होत्या. ज्या होत्या त्यांच्या चौकटी शेजारी बसलेल्या नवऱ्यानं भरल्या होत्या. हे मला दिसत होतं. मी ते कुठे नोंदवलं नाही.

मावशी आल्या त्या यानंतर, खरी मोजणी सुरू झाल्यावर. मी त्यांना मावशीच म्हणायचो. पन्नाशी उलटलेल्या, राजगुरुनगरच्या अलीकडच्या गावातल्या, तिथल्याच मूळच्या. चाकणच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टरमार्फत साफसफाईला होत्या. मशिनच्या खाली सांडलेलं तेल उकिडवं बसून पुसायचं, सरकत सरकत पुढच्या मशिनकडे जायचं, हे त्यांचं काम. त्या तेलावरच घसरल्या. गुडघा सुजला, मग उतरला, पण दुखणं राहिलं. एमआरआयच्या फोटोत गुडघ्याच्या हाडांमधली गादी फाटलेली दिसत होती. त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं, परत तसं खाली बसता येईल का. त्या कामाला कॉन्ट्रॅक्टर बायकांना उकिडवं बसवून बघूनच घेतो, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

चष्मा घरी राहिला होता, म्हणून प्रश्न मी वाचून दाखवायला घेतले. पडद्यापलीकडे दोन पुरुष पायाला वजनं बांधून व्यायाम करत होते.

“परीक्षा नाही मावशी. यात चूक-बरोबर काही नाही. मनात येईल ते सांगायचं.”

दुखण्याचे प्रश्न झाले. दुखतं का, तर दुखतं की. रात्री दुखतं का, तर व्हय, कूस बदलली की. मग मी दुसऱ्या भागावर आलो. तोवर असे खूप फॉर्म भरून झाले होते, त्यामुळे वरचं लांबलचक वाक्य मी तोडूनच वाचायचो.

“गेल्या आठवड्यात अडचण आली का? जिना उतरताना?”

त्यांनी पडद्याकडे बघितलं. पदर खांद्यावरून पुढे ओढला.

“न्हाई.”

“चढताना?”

“न्हाई आली.”

“अंथरुणातून उठताना अडचण आली?”

“न्हाई ओ.”

“संडासला बसताना?”

त्या खाली फरशीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “बंद झाली कवाच.”

अडचण बंद झाली. मला आनंद झाला. ‘अजिबात नाही’च्या चौकटीत मी खूण केली आणि पुढचे प्रश्न भराभर विचारले. पुढची उत्तरंही भराभर आली, सगळी न्हाई. दुखतं मध्यम आणि कामं मात्र सगळी होतात, हे जरा विचित्र आहे असं माझ्या मनात आलं होतं. ते मी लगेच मिटवलं. आपल्याकडच्या बायका सोसतात, असं स्वतःला सांगितलं. किती सोयीचं वाक्य आहे ते.

बाहेर मोठ्या डॉक्टरांच्या टेबलाभोवती गर्दी होती. त्यांनी गुडघा वाकवून पाहिला, फोटो उजेडावर धरला.

“शिवता येईल अशी आहे,” ते मला म्हणाले. “पण फोटोत फाटलेलं दिसलं म्हणून प्रत्येकाला शिवायला नको. कामं होतात का त्यांची? तुझा फॉर्म काय म्हणतो?”

“कामात अडचण अजिबात नाही, सर. फक्त दुखतं.”

“मग व्यायाम दे. दोन-तीन महिन्यांनी बघू.”

ही प्रश्नावली अजून कच्ची होती. वजन खरं की खोटं हे कळायच्या आधीच त्या काट्यावर माल विकावा तसं ते झालं. हिच्यावरून कुणाचेही उपचार ठरणार नाहीत, असं आम्ही रुग्णालयाच्या समितीला लिहून दिलं होतं. मला ते माहीत होतं. पण डॉक्टरांनी ‘तुझा फॉर्म’ म्हटलं, आणि मला त्या ‘तुझा’चा मोह झाला.

“मंग कामाला जाऊ?” मावशींनी विचारलं.

“जा की,” डॉक्टर म्हणाले. त्या इतक्या खूश झाल्या की दोघांनाही वाकून नमस्कार करायला गेल्या आणि गुडघा दुखला म्हणून मधेच थांबल्या.

आठवड्यानं त्या पुन्हा प्रश्नांसाठी आल्या. या वेळी त्यांनी उत्तरं माझं वाचून व्हायच्या आतच दिली. घरी जायची घाई आहे असं मला वाटलं. दोन्ही वेळची उत्तरं चौकट न चौकट जुळली. ती प्रबंधवाली मुलगी म्हणाली, “सर, या मावशी आदर्श आहेत. सगळे असेच मिळाले तर किती बरं होईल.” मी मान डोलावली. एखादी गोष्ट दोन्ही वेळा सारखीच चुकली तर तीही अशीच तंतोतंत जुळते, हे तेव्हा आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

काही महिने गेले. एके दिवशी सकाळी मावशींना रिक्षातून उचलून आणलं. मशिनखाली पुसत असताना गुडघा वाकलेला तसाच अडकला होता. सरळ होईना, अजून वाकेना. बरोबर त्यांची सून होती. मावशी तोंडात पदर धरून बसल्या होत्या. मी घाबरलो होतो आणि घाबरलो की मी समोरच्यावर चिडतो.

“मावशी, इतकी अडचण होती तर मला तेव्हा का नाही सांगितलं?”

सगळ्यांसमोर बोललो. मावशींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. सून मात्र माझ्याकडे वळली.

“डॉक्टर, तुम्ही परत सुरू केलं व्हय? पाय अडकलाय त्यांचा, आणि तुमचं तेच.”

“काय तेच?”

तिनं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. “आत्या त्या दिवशी घरी येऊन म्हणाल्या, दवाखान्यातला माणूस बोलायला लई चांगला हाय, पण सारखा अडचण आली का, अडचण आली का इचारतो. जिन्यात आली का, अंथरुणात आली का, संडासात आली का. मी म्हटलं, आत्या, नवीन तपासणी असंल काहीतरी. त्या म्हणाल्या, मेल्याला सांगितलं बंद झाली कवाच, तरी थांबंना. हसून हसून बेजार झालो आम्ही.”

आता ती हसत नव्हती.

बायकांना अडचण येते म्हणजे पाळी येते. हे मला कुणी नव्यानं सांगावं लागलं नाही. माझी आई हाच शब्द वापरायची. काकू का बाजूला बसली आहे असं लहानपणी विचारलं की उत्तर मिळायचं, तिला अडचण आहे, शिवू नकोस. शब्द माझ्याच घरातला होता. माहीत नव्हता म्हणून चुकलो, असंही मला म्हणता येत नाही. चहाच्या कपापुढे बसून शब्द निवडताना मी तो फक्त पुरुषांच्या कानानं ऐकला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. मोठे डॉक्टर बाहेर आले आणि हात पुसत म्हणाले, “तेव्हा शिवली असती तर बहुधा वाचली असती. आता आत चिंध्या झाल्या होत्या. कापून काढावी लागली. उकिडवं बसणं बंद, कायमचं.”

मी त्यांना त्यांच्या खोलीत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“तपासलं मी, ठरवलंही मी,” ते म्हणाले. “फॉर्मवरून ठरवलं असं कुठेही लिहिलेलं नाही.”

“पण झालं तसंच, सर.”

“झालं. मग आता तिला सांगून तिचा पाय बरा होणार आहे का? तुझं मन हलकं होईल, तिचं जड होईल.”

हे ते वाईट हेतूनं बोलले नाहीत. मला वाचवत होते, थोडं स्वतःलाही. त्यांच्या बोलण्यात खरं होतं, आणि म्हणूनच पुढचे दोन दिवस मी त्याला धरून राहिलो. प्रबंधवाल्या मुलीला मात्र मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तिनं बायकांचे सगळे फॉर्म काढून टेबलावर पसरले.

“यातली खरी उत्तरं कुठली, सर?”

कुणी गुडघ्याचं उत्तर दिलं होतं आणि कुणी दुसऱ्याच कशाचं, ते चौकटीतल्या खुणेवरून कळायला मार्ग नव्हता. तिनं ते सगळे बाजूला ठेवले. बायकांपासून पुन्हा सुरुवात करावी लागणार होती आणि तिची परीक्षा पुढे जाणार होती. तिनं मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. शब्द बदलून आम्ही ‘जड जातं का’ असं केलं. तो सुनेला विचारून ठरवला. तिनं दोन-तीन वेळा मनात म्हणून पाहिला आणि म्हणाली, “यात काय वंगाळ न्हाई.”

मावशींना घरी सोडायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या खाटेपाशी गेलो. सून शेजारी होती. मी सांगितलं. शब्द माझा होता, त्यांच्या उत्तराचा मी उलटा अर्थ लावला, डॉक्टरांना तो सांगितला, आणि म्हणून गादी तेव्हा शिवायची राहून गेली.

“म्हंजी तवा शिवली असती तर मला बसता आलं असतं?”

“बहुतेक. खात्रीनं सांगता येत नाही. पण बहुतेक आलं असतं.”

“आणि आता न्हाई.”

“नाही.”

त्यांनी गुडघ्यावरच्या पट्टीवर हात ठेवला. “मला वाटलं, लवकर न्हाई न्हाई म्हणावं आन् सुटावं. पलीकडं माणसं हुती. माजंबी चुकलं.”

मी म्हणालो, तुमचं काही चुकलेलं नाही. दोनदा म्हणालो. त्यांनी ते ऐकल्यासारखं केलं, घेतलं नाही. तो अर्धा वाटा त्यांनी स्वतःकडे ठेवला, आणि मला आजवर सगळ्यात जास्त तेच टोचत आलंय. मग त्या म्हणाल्या, “पोराला सांगू नका.”

“का?”

“त्यो इचारंल, कोणचा शबुद. मी काय सांगू त्याला?”

मुलगा कंपन्यांच्या बसवर ड्रायव्हर आहे. दुसऱ्या दिवशी ड्यूटी उतरून तो आईला न्यायला आला. कॉन्ट्रॅक्टरला द्यायचा कागद माझ्या हातात होता. सही मोठे डॉक्टर करतात, मजकूर मी लिहितो.

“आधी म्हणालात, काही नाही, कामाला जा,” तो म्हणाला. “आता म्हणता उकिडवं बसायचंच नाही. मधे झालं काय?”

“मी त्यांना नीट विचारलं नाही.”

“काय नीट विचारलं नाही?”

मावशी खाटेवरून माझ्याकडे बघत होत्या. सून पिशवी भरायची थांबली.

“जे विचारायचं होतं ते त्यांना कळेल असं विचारलं नाही. त्यामुळे ऑपरेशन वेळेवर झालं नाही. चूक माझी आहे. तक्रार करायची तर माझ्या नावानं करा.”

“आणि तक्रारीत लिहू काय? विचारलं नाही म्हणून?” तो आईकडे वळला. “आई, काय विचारलं होतं ह्यांनी?”

“मला कुठं ध्यानात राहतंय,” मावशी म्हणाल्या. “चल, बस जाईल आपली.”

त्यांच्या लाजेनं मला वाचवलं. मी त्यांचं म्हणणं पाळलं असं म्हणता येईल, आणि त्यांच्या पदराआड लपलो असंही. मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुलानं कागद वाचला. ‘उकिडवे बसून अथवा गुडघे टेकून करावयाचे काम देऊ नये.’

“हे वाचून घेईल का तो तिला?”

“मला नाही वाटत.”

“मग बसून करायचं काम द्यावं, एवढं तरी लिहा की खाली.”

मी लिहिलं. सही घेऊन आलो. त्यानं कागदाची घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि आईच्या काखेत हात घातला.

मावशी आता व्यायामाला येतात. मी पडद्याची जागा सोडून दिली आहे. कोपऱ्यातली दाराची खोली मागून घेतली. सून शेजारी बसते. परवा नवीन प्रश्न विचारले.

“पायरी उतरताना जड जातं का, मावशी?”

“जातं की. लई जातं. तुमच्या दवाखान्याच्या पायऱ्या कुणी बांधल्या त्याला आदी इचारा.”

सून हसली. मी ‘खूप’वर खूण केली. कामाचं मी विचारलं नव्हतं, विचारायचं धाडस होत नव्हतं. पाय वर उचलून धरत त्यांनी स्वतःच सांगितलं. साफसफाईत खुर्चीवरचं काम नसतं, असं कॉन्ट्रॅक्टर म्हणाला. त्यांच्या जागी दुसरी बाई लागली.

“तरणी हाय,” त्या म्हणाल्या. “पटदिशी बसती खाली.”